ढकललं की पडला?

फ्रान्समध्ये ग्रेनोब्लजवळ, आल्प्सच्या उतारावर एक एकटं लाकडी घर. सगळीकडे बर्फ. माळ्यावर नवरा काहीतरी ठोकाठोक करतोय आणि एकच गाणं कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात पुन्हा पुन्हा लावतोय. अकरा वर्षांचा मुलगा कुत्र्याला फिरवून परततो, तर बाप घराच्या पायथ्याशी पडलेला, डोकं फुटलेलं. घरात त्या वेळी फक्त बायको. ती म्हणते, मी कानात बोळे घालून झोपले होते. एवढ्या भांडवलावर जस्टिन त्रिए या दिग्दर्शिकेनं 'अ‍ॅनाटमी ऑफ अ फॉल' हा अडीच तासांचा सिनेमा केला आणि २०२३ साली कान महोत्सवात पाम द'ओर पटकावलं. हा मान मिळवणारी ती तिसरी बाई. महोत्सव १९४६ पासून चाललाय. घाई कशाला करायची?

शेवट फोडला म्हणून कुणी अंगावर येऊ नका. कोर्टात बाई सुटते. पण तिनं ढकललं, तो पडला की त्यानं उडी मारली, हे सिनेमा सांगत नाही. निकाल लागतो, उत्तर लागत नाही. आणि प्रेक्षकांचं दुखणं नेमकं तिथून सुरू होतं.

पहिला गट वसुलीवाल्यांचा. "अडीच तास बसलो, मग खुनी कोण?" यांचा राग मला कळतो. आपण बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांची नातवंडं. त्या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण गुन्हेगाराला मोकळा सोडून वाचकाला कधी झोपायला पाठवलं नाही. पुढं टीव्हीवर शिवाजी साटमांनी बोटं फिरवत वर्षानुवर्षं तासाभरात खुनी हजर केला. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसासमोर ही फ्रेंच बाई रक्ताचे तीन शिंतोडे ठेवते, एक तज्ज्ञ म्हणतो, ढकललं, दुसरी तज्ज्ञ म्हणते, पडला, आणि दोघांच्याही हातात तेवढीच पक्की आकडेमोड. वसुलीवाले मग स्वतःच तपास हाती घेतात. माळ्याच्या खिडकीची उंची, कठड्याची उंची, खालच्या शेडचं छप्पर. एका गृहस्थांनी मला भर लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट आणि पाण्याचा पेला वापरून मृतदेह कुठं पडला असता ते दाखवलं. पेला दोनदा सांडला. निष्कर्ष: ढकललंच.

दुसरा गट म्हणतो, "फार संथ बाबा!" यांच्यासाठी युरोपातला कुठलाही सिनेमा संथच असतो. बर्फ दिसला की हे जांभई देतात. यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ते मध्येच उठून चहा ठेवतात आणि परत येऊन विचारतात, "अजून कोर्टच चाललंय?"

खरी मजा तिसऱ्या गटाची, आणि त्यात आपण जवळपास सगळे येतो. हा गट पुराव्यांच्या नादी लागत नाही, थेट बाईकडे बघतो. ती सांद्रा. जर्मन लेखिका, नावाजलेली. नवरा सामुएल फ्रेंच, शिकवतो, लिहायचं म्हणतो, लिहून होत नाही. (अभिनेत्रीचं नावही सांद्रा, नवऱ्याचं काम करणारा नटही सामुएल. दिग्दर्शिकेनं नावांवर फार वेळ घालवलेला दिसत नाही.) तर या सांद्राविरुद्ध आमच्या ओळखीपाळखीत दाखल झालेलं आरोपपत्र असं: एक, नवरा मेला तरी पुरेशी रडली नाही. दोन, भरदुपारी वाईन पीत मुलाखत देत होती. तीन, मुलाखत घेणाऱ्या मुलीशी जरा जास्तच हसून बोलली. चार, हुशार आहे. पाच, आपण हुशार आहोत हे तिला माहीत आहे. सहा, बाहेर संबंध होते, तेही बायकांशी. सात, कोर्टात उलटं बोलते. यातल्या एकाही कलमाचा माळ्याच्या खिडकीशी संबंध नाही. पण निकाल एकमतानं: "हिनंच केलं असणार. चेहराच सांगतो."

तेंडुलकरांच्या नाटकातल्या बेणारेबाईंना १९६७ साली हेच ऐकावं लागलं होतं. तिथं निदान खटला खोटा खोटा, वेळ घालवायला मांडलेला होता. आरोप भ्रूणहत्येचा आणि उलटतपासणी बाईच्या आयुष्याची. इथं खटला खरा आहे आणि सरकारी वकील तेच करतो, फक्त अंगात लालभडक झगा असतो. हा तासलेल्या डोक्याचा वकील म्हणजे सिनेमातला सगळ्यांत चविष्ट माणूस आहे. तो सांद्राच्या कादंबरीतलं एक पान पुरावा म्हणून वाचून दाखवतो: बघा, हिच्या पात्राच्या मनात नवऱ्याला मारायचे विचार येतात! बचावाकडून उत्तर येतं की मग स्टीफन किंगला सीरियल किलर म्हणायचं का? नवऱ्यानं वाजवलेलं गाणं ५० सेंट या रॅपरचं, स्त्रीद्वेष्टं, म्हणजे तो बायकोला डिवचत होता, असा मुद्दा निघतो. बचाव पक्ष शांतपणे लक्षात आणून देतो की वाजत होती ती नुसत्या वाद्यांवरची आवृत्ती, त्यात शब्दच नव्हते. न्यायालयाच्या दप्तरी असा खुलासा नोंदवावा लागणं हा माझ्या मते सिनेमातला सर्वोत्तम विनोद. पण आमच्याकडे तो कुणाला आठवत नाही. आठवतं ते "ती रडली नाही" एवढंच.

आता भांडणाकडे येतो, कारण सगळा सिनेमा तिथं आहे.

मरणाच्या आदल्या दिवशी नवराबायकोचं जोरदार भांडण झालेलं असतं आणि नवऱ्यानं ते गुपचूप रेकॉर्ड केलेलं असतं. का, तर म्हणे पुढच्या पुस्तकासाठी मालमसाला गोळा करत होता. ते भर कोर्टात ऐकवतात. सामुएल म्हणतो, मला लिहायला वेळच मिळत नाही. मुलाला घरी मी शिकवतो, घर मी बघतो, तुझ्या वेळापत्रकावर मी जगतो, माझ्या सोडून दिलेल्या पुस्तकातली कल्पना तू उचललीस आणि त्यावर तुझी कादंबरी छापून आली. सांद्रा म्हणते, मुलाला घरी शिकव असं मी कधी सांगितलं? या तुझ्या गावात राहायला यायचा हट्ट तुझा. लिहायला कुणी अडवलंय? स्वतः बसायचं नाही आणि दोष मला द्यायचा.

हे ऐकताना खोलीतल्या जोडप्यांकडे बघावं. पडद्याकडे कुणी बघत नाही. नवरे मान डोलवत असतात: बिचारा किती करतोय! बायका आधी गप्प असतात, मग एकीच्या तोंडून निघतं, "हे सगळं मी बोलत आले ना रे वीस वर्षं?" आणि खरंच की. वेळ मिळत नाही, घर मीच बघते, माझं सगळं राहून गेलं, ही वाक्यं आपल्या कानांवर कायम बाईच्या आवाजात पडलेली. त्रिए आणि तिचा सहलेखक आर्तुर हरारी यांनी ती उचलून नवऱ्याच्या तोंडी ठेवली. एवढीच अदलाबदल. आणि अख्खा प्रेक्षकवर्ग एका मिनिटात संवेदनशील झाला. पुरुषानं स्वयंपाकघरातून कुरकुर केली की ती शोकांतिका. बाईनं केली की "हिचं रोजचंच आहे". हा नवरा लेखक आणि ही बायको घर बघणारी असती, माळ्यावरून ती पडली असती, तर आपण नवऱ्याला संशयित तरी मानलं असतं का? म्हटलं असतं, मोठा माणूस, कामात असतो, बाई जरा हळवी होती.

बरं, हे त्रिए आणि हरारी स्वतः जोडपं आहेत. लॉकडाऊनमध्ये घरात पोरंबाळं सांभाळत दोघांनी मिळून नवराबायकोच्या भांडणाचा हा मसुदा लिहिला आणि दोघंही अजून जिवंत आहेत. २०२४ साली मूळ पटकथेचं ऑस्कर त्यांना मिळालं. मला विचाराल तर शौर्यपदकही द्यायला हरकत नव्हती.

भांडण रेकॉर्ड करणाऱ्या नवऱ्याबद्दल मात्र आमच्याकडे एकजात नापसंती. कारण नैतिक नाही, व्यावहारिक आहे. "यंत्र कशाला लागतं?" आमच्या आत्याला तिच्या लग्नात मानपानावरून कोण काय बोललं ते स्वल्पविरामासकट पाठ आहे, साक्षीदार हयात आहेत.

आता रोमान्स. हो, आहे. वकील व्हँसाँ. काम स्वान आर्लोचं. रुपेरी होत चाललेले केस, थकलेले डोळे, मफलर. जुना ओळखीचा, एके काळी हिच्यावर जीव असलेला. ती सुरुवातीलाच सांगते, मी मारलेलं नाही. तो म्हणतो, मुद्दा तो नाही. इतकं अनरोमँटिक वाक्य वकीलच बोलू जाणे, पण प्रेक्षकांनी ते हृदयाशी धरलं. जगभर या माणसाच्या केसांवर लोक भाळले. आमच्याकडेही एक मोठा वर्ग असा आहे की ज्यांना सामुएल कसा मेला यात काडीचा रस उरला नाही. त्यांचा प्रश्न एकच: या दोघांचं जमतं का? खटला जिंकल्यावर दोघं हॉटेलात बसतात, पितात, हसतात, चेहरे अगदी जवळ येतात आणि काहीही न होता मागे सरकतात. इथं "अरेरे" असा जो सामूहिक उसासा निघतो तो नवऱ्याच्या प्रेतावर निघाला नव्हता.

गंमत बघा. ज्यांनी मघाशी चेहऱ्यावरून तिला फाशी दिली, त्यातलेच निम्मे आता तिचं लग्न लावायला निघालेले असतात. खुनी असली तर असली, वकील चांगला आहे.

यावर शहाणे लोक नाक मुरडतात की हा काय न्याय झाला, पुरावा बघायचा असतो. पण फ्रेंच कायदा इतका रुक्ष नाही. त्यांच्या वरच्या फौजदारी कोर्टात तीन न्यायाधीशांच्या जोडीला सहा साधे नागरिक बसतात, आणि निकालाला जाण्याआधी कायदा त्यांना विचारतो तो प्रश्न साधारण असा: तुमच्या अंतःकरणाची खात्री पटली आहे का? म्हणजे आमचे पंगतीतले गृहस्थ जे करत होते ते फ्रान्समध्ये रीतसर भत्ता घेऊन करता आलं असतं. सिनेमातलं कोर्टही त्यामुळे आपल्याला विचित्र वाटतं. साक्ष चालू असताना आरोपी मध्येच उठून बोलते, वकील एकमेकांना टोमणे मारतात, मानसोपचारतज्ज्ञ येऊन आपल्या मयत रुग्णाच्या वतीनं बायकोशी वाद घालतो. "असं कुठं कोर्ट असतं का?" असं एका निवृत्त वकीलसाहेबांनी तुच्छतेनं विचारलं. साहेब, तुमच्याच मुंबईत होतं.

१९५९. नौदलाचा कमांडर कावस नानावटी, इंग्रज बायको सिल्व्हिया, तिचा प्रियकर प्रेम आहुजा. कमांडर आहुजाच्या घरी गेला, तीन गोळ्या सुटल्या, मग स्वतःहून पोलिसांत हजर झाला. आहुजा आंघोळ करून नुसत्या टॉवेलवर होता. झटापटीत पिस्तूल उडालं असं बचाव पक्षाचं म्हणणं, मग टॉवेल कमरेला तसाच कसा राहिला असा सरकार पक्षाचा सवाल. देशाच्या न्यायिक इतिहासात टॉवेलच्या गाठीवर इतका खल पुन्हा झाला नसेल. बाहेर गर्दी, 'ब्लिट्झ' साप्ताहिकावर उड्या पडताहेत, आणि ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं: निर्दोष. गणवेशातला देखणा अधिकारी, फसवला गेलेला नवरा, चेहराच सांगत होता. न्यायाधीशांना हे पचलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथं जन्मठेप झाली, १९६१ साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली आणि १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली. मधुसूदन कालेलकरांनी त्यावर 'अपराध मीच केला' हे नाटक लिहिलं, म्हणजे आपण तिकीट काढून पुन्हा ज्युरीत बसलो.

दोन खटले शेजारी ठेवून बघा. नानावटीच्या हातातल्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या याबद्दल कुणालाच शंका नव्हती, तरी लोकांनी त्याला सोडून द्या म्हटलं. सांद्राच्या हातात काय होतं हे कुणालाच माहीत नाही, तरी "हिनंच". फसवला गेलेला नवरा सुंदर दिसतो. न रडणारी बायको दिसत नाही. पुढं हळूहळू आपल्याकडून ज्युरी गेली. ज्युरीगिरीची हौस आहे तशीच.

(जाता जाता: त्याच १९५९ साली ऑटो प्रेमिंजरचा 'अ‍ॅनाटमी ऑफ अ मर्डर' आला. त्यातही लष्करी अधिकारी, बायको, गोळीबार आणि कोर्ट. त्रिएच्या सिनेमाचं नाव त्याला सलाम ठोकतं. त्या वर्षी ग्रहच तसे असावेत.)

त्रिएचं मात्र कौतुक की ती बधली नाही. मुख्य भूमिका करणाऱ्या सांद्रा ह्युलरनं तिला विचारलं होतं, मी मारलंय की नाही? बाईनं सांगितलं नाही. निर्दोष असल्यासारखी कर, एवढंच. अमेरिकेतल्या वितरकानं तर प्रेक्षकांकडून चक्क मतदान घेतलं, तिनं केलं की नाही केलं. सत्य काय हे लोकांच्या मतानं ठरवण्याची पद्धत त्या देशाला नवी नसावी.

फ्रेंच सरकारदरबारी या सिनेमाबद्दलचं मत अगदी वेगळ्या कारणानं खराब झालं. कानच्या मंचावर पारितोषिक हातात घेऊन त्रिएनं मॅक्रॉन सरकारच्या पेन्शन सुधारणांवर आणि त्याविरुद्धची आंदोलनं दडपण्यावर खडे बोल सुनावले. सांस्कृतिक मंत्रीणबाई नाराज. नंतर ऑस्करसाठी फ्रान्सची अधिकृत प्रवेशिका निवडायची वेळ आली, तेव्हा समितीनं पाम द'ओरवाला सिनेमा बाजूला ठेवून ज्युलिएत बिनोशचा एक स्वयंपाकाचा सिनेमा पाठवला. दोन्ही गोष्टींचा संबंध होता का? ढकललं की पडला? स्वयंपाकाच्या सिनेमाला नामांकन मिळालं नाही. या सिनेमाला इतर विभागांत पाच मिळाली, सर्वोत्तम चित्रपटासकट. आणि आंतरराष्ट्रीय विभागाचं ऑस्कर ब्रिटननं पाठवलेल्या 'द झोन ऑफ इंटरेस्ट'नं नेलं, त्यातही नायिका ह्युलरच. असा नेम कमिटीलाच साधतो.

एका बाबतीत मात्र कुठंही दुमत नाही. कुत्रा. मेस्सी नावाचा बॉर्डर कॉली, सिनेमात नाव स्नूप. कानमध्ये कुत्र्यांसाठीही पारितोषिक असतं, ते त्यानं जिंकलं. आई खरं बोलते का हे पडताळायला तो दृष्टी अधू झालेला मुलगा कुत्र्याला अ‍ॅस्पिरिन खायला घालतो आणि कुत्रा मरायला टेकतो, ते दृश्य बघून एका बाईंनी सिनेमा बंद केला. नवरा मेला तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या. सांद्राला त्यांनी माफ केलंय. पोराला नाही.

त्या पोराबद्दल खरं तर जास्त बोलायला हवं. सगळ्या कोर्टात ठरवायची जबाबदारी शेवटी अकरा वर्षांच्या डॅनियलवर येऊन पडते. तो सांगतो, बाबा एकदा गाडीत मला अमुक म्हणाले होते. पडद्यावर बापाचे ओठ हलतात आणि आवाज येतो मुलाचा. त्याला हे आठवलं की त्यानं आईसाठी रचलं, हा सिनेमातला सगळ्यांत अवघड प्रश्न. मी तो चार-पाच जणांना विचारून बघितला. "मुलगा गोड आहे," असं उत्तर आलं. एक जण म्हणाला, "डोळ्याचं ऑपरेशन होत नाही का त्याच्या?"

आणि परवा सासऱ्यांनी पूर्ण सिनेमा एका बैठकीत, न पेंगता बघितला. घरात कौतुकाची लाट. ते आयुष्यभर बांधकाम खात्यात होते. शेवटची पाटी संपेपर्यंत बसले, चष्मा पुसला. आम्ही सगळे त्यांच्या निकालाची वाट बघत होतो.

"ते माळ्याचं काम अर्धवटच राहिलं की," ते म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यात गळेल."